टेकडी, घरकुल आणि नगराची तिजोरी

(नगरपरिषद व ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि स्थानिक अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी नगररचनेच्या खात्यापुरता मर्यादित वाटेल. परंतु तो आपणा सर्वांच्या दाराशी येऊन ठेपलेला आहे. शहराच्या अथवा मोठ्या गावाच्या कडेला एक टेकडी असते. तिच्या उतारावर आणि पायथ्याशी हजारो सदनिकांची वसाहत उभारण्याचा प्रस्ताव येतो. कोणी म्हणतो, लोकांना घरे हवीत. कोणी म्हणतो, नगरपरिषदेला उत्पन्न हवे. आणखी कोणी म्हणतो, टेकडी गेली तर पाणी जाईल. या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि म्हणूनच निर्णय कठीण होतो. ज्यांना सभागृहात हात वर करून ठराव करावयाचा आहे, त्यांनी तो कोणत्या हिशेबाने करावा, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरांच्या कार्यसूचीत अठरा विषय अंतर्भूत केले. नगर नियोजन हा त्यांतील एक विषय आहे आणि पर्यावरणाचे संरक्षण हाही त्याच यादीत आहे. म्हणजे घर बांधू देणे आणि टेकडी राखणे ही दोन्ही कर्तव्ये घटनेने एकाच संस्थेकडे अपेक्षिली आहेत. एक कर्तव्य विकासाचे आणि दुसरे अडथळ्याचे, अशी वाटणी करण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

पुण्याच्या टेकड्यांचा धडा

या प्रश्नाचे आपल्या राज्यातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, कात्रजचे डोंगर अशा टेकड्यांच्या कुशीत हे शहर वाढले. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी नळाने शहरातील हौदांत आणले. डोंगरावर पडणारा पाऊस हा शहराचा ठेवा आहे, ही जाण त्या काळीही होती.

१९८७ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्यात टेकडीचा माथा आणि उतार यांचा स्वतंत्र विभाग दाखविण्यात आला आणि तेथे केवळ चार टक्के बांधकामास वाव ठेवण्यात आला. पुढे १९९७ मध्ये आसपासची गावे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांपैकी तेवीस गावांचा विकास आराखडा तयार करताना तेथील सुमारे ९७५ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवाव्यात, असा प्रस्ताव पुढे आला. २००५ च्या सुमारास महापालिकेच्या सभागृहाने तो स्वीकारला. नागरिकांच्या संघटना, निसर्ग अभ्यासक, लोकप्रतिनिधी आणि जमीनमालक यांच्यात त्यावर दीर्घ काळ वाद झाला. आराखड्याचे अन्य भाग टप्प्याटप्प्याने मंजूर होत गेले. या आरक्षणास मात्र राज्य शासनाची मंजुरी मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले. जमिनीच्या मोबदल्यात आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ज्यास आपण व्यवहारात टीडीआर म्हणतो, तो देण्याचे त्या वेळी ठरले.

या वादातील दोन्ही बाजू आपण शांतपणे ऐकल्या पाहिजेत. चार टक्के बांधकामास अनुमती द्यावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की, मालकाला थोडा तरी उपभोग मिळेल, उरलेली शहाण्णव टक्के जागा तो स्वतः हिरवी राखील, आणि महापालिकेवर भूसंपादनाचा बोजा पडणार नाही. याउलट मत असे होते की, चार टक्के हा आकडा केवळ घरांच्या पायापुरता आहे. त्या घरांपर्यंत रस्ता न्यावा लागतो, रस्त्यासाठी डोंगर कापावा लागतो, कापलेल्या कडेला भिंत बांधावी लागते, पाण्याची टाकी आणि विजेचे खांब चढवावे लागतात. कागदावरचे चार टक्के जमिनीवर किती होतात, हे कोणत्याही घाटरस्त्याच्या कडेला उभे राहिल्यास ध्यानात येते.

या दहा वर्षांच्या विलंबाचाही एक धडा आहे. जमिनीचा मोठा भाग खाजगी मालकीचा होता. काही मालक पिढीजात शेतकरी होते. काहींनी आयुष्याची पुंजी घालून गुंठा-दोन गुंठे घेतलेले होते. या लोकांना ना बांधता येत होते, ना मोबदला हाती पडत होता. अन्य आरक्षणांच्या तुलनेत आठ टक्के मोबदला तुटपुंजा आहे, ही त्यांची तक्रार अनाठायी म्हणता येणार नाही. आणि निर्णय लांबणीवर पडतो तेव्हा टेकडी तशीच राहते असे नाही. रात्रीतून पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात, राडारोडा ओतला जातो, मुरूम उचलला जातो. निर्णय टाळल्याने टेकडी वाचत नाही आणि मालकालाही न्याय मिळत नाही.

पावसाचा हिशेब

टेकडीचे मोल सौंदर्याच्या भाषेत सांगितले की व्यवहारी माणसाला ते हळवेपणाचे वाटते. म्हणून आपण ते साध्या अंकगणितात मांडू. शिक्षक बंधूंना ते वर्गात मांडण्यासही उपयोगी पडेल. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी पडते. ९७५ हेक्टरांवर तेवढाच पाऊस पडला तर ९७ कोटी लिटरांहून अधिक पाणी होते. गवत, झुडुपे आणि भेगाळलेला कातळ असलेल्या उतारावर यातील काही भाग मुरतो, काही अडतो आणि उरलेला रेंगाळत ओढ्याला मिळतो. आपल्या दख्खनच्या बसाल्ट खडकात थराथरांच्या सांध्यांतून आणि भेगांतून असे मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांच्या व विहिरींच्या रूपाने वर येते. त्याच उतारावर छपरे, डांबर आणि फरश्या आल्या म्हणजे तेच पाणी थोड्या वेळात, एकवटून, खालच्या वस्तीवर उतरते.

खाली राहणारा माणूस बहुधा गरीब असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात मुसळधार पाऊस झाला आणि कात्रजच्या डोंगरांतून येणाऱ्या आंबिल ओढ्याने काठावरच्या वसाहती वेढल्या. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्याजवळ डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात एक माता आणि तिचे लेकरू वाहून गेले होते. त्या वेळी तेथील डोंगरफोडीचा प्रश्न ऐरणीवर आला होता. अशा दुर्घटनांना एकच कारण असते असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. अतिवृष्टी, ओढ्याचे अरुंद झालेले पात्र, मोऱ्यांत अडकलेला कचरा, उतारांवरील फेरबदल, ही सर्व कारणे एकत्र येतात. परंतु यांतील पाऊस सोडला तर उर्वरित सर्व गोष्टी स्थानिक संस्थेच्या ठरावाशी, परवानगीशी अथवा दुर्लक्षाशी निगडित आहेत, हे विसरून चालणार नाही.

उत्पन्नाचे दोन प्रकार

आता तिजोरीकडे वळू. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्यामुळे स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या हातात उरलेल्या उत्पन्नाच्या साधनांत मालमत्ता कर हे प्रमुख साधन झाले. पगार, वीजदेयके आणि पाणीपुरवठ्याचा खर्च भागविताना मुख्याधिकाऱ्यांची आणि पदाधिकाऱ्यांची किती ओढाताण होते, हे आपण अनुभवाने जाणता. अशा वेळी पाच हजार सदनिकांचा प्रस्ताव म्हणजे दुष्काळात दिसलेला ढग वाटावा, यात नवल नाही. त्यासाठी कोणालाही दोष देण्याचे कारण नाही.

तथापि या उत्पन्नाचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळता कामा नयेत. पहिला प्रकार एकदाच मिळणाऱ्या रकमेचा: विकास शुल्क, अधिमूल्य, परवानगीच्या विविध फिया. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये १९९२ साली विकास शुल्काची तरतूद समाविष्ट झाली. त्या शुल्काचा स्वतंत्र निधी ठेवावा आणि तो सार्वजनिक सुविधांसाठी वापरावा, हा त्यामागील हेतू आहे. ही रक्कम रोजच्या खर्चात जिरली, तर पुढच्या वर्षी तो खर्च भागविण्यासाठी पुन्हा नव्या प्रकल्पाला परवानगी द्यावी लागते. दुसरा प्रकार दरवर्षी येणाऱ्या कराचा. खऱ्या अर्थाने तोलावयाचे ते हे दुसरे उत्पन्न, आणि तेही दरवर्षीच्या खर्चासमोर ठेवून.

उदाहरणादाखल पाच हजार सदनिका आणि प्रत्येकीत चार माणसे धरू. वस्ती झाली वीस हजारांची. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या नगरासाठी माणशी १३५ लिटर पाण्याचे जे प्रमाण सामान्यतः धरले जाते, त्यानुसार रोज २७ लाख लिटर पाणी लागेल. त्याच्या ऐंशी टक्के, म्हणजे सुमारे साडेएकवीस लाख लिटर सांडपाणी रोज निघेल. माणशी तीनशे ग्रॅम कचरा धरला तर रोज सहा टन कचरा उचलावा लागेल. दर आठ माणसांमागे सहा ते चौदा वयाचे एक मूल धरले तर अडीच हजार मुले होतात. तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटले तर ऐंशीहून अधिक शिक्षक आणि तितक्या खोल्या लागतील. सदनिकेमागे वर्षाला पाच हजार रुपये कर धरला तर जमा होते अडीच कोटी रुपये. आता हे अडीच कोटी एका बाजूस लिहावेत आणि दुसऱ्या बाजूस पाणी उचलण्याची वीज, सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च, घंटागाड्या, रस्त्यांची दुरुस्ती, पथदिवे, अग्निशमन आणि दवाखाना यांचे आकडे लिहावेत. प्रत्येक नगराचे आकडे वेगळे येतील. माझे आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. कोठे शिल्लक दिसेल, कोठे तूट दिसेल. परंतु हा तक्ता न मांडता केलेला ठराव म्हणजे डोळे मिटून केलेला व्यवहार होय.

या तक्त्यात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. अंतर्गत रस्ते आणि सांडपाणी प्रकल्प रहिवाशांची संस्था चालवील, असे आरंभी सांगितले जाते. दहा-पंधरा वर्षांनी यंत्रे जुनी होतात आणि कर भरणारे रहिवासी ती जबाबदारी नगराने घ्यावी, अशी मागणी करतात. ती मागणी अन्यायाची नसते. म्हणून तो भावी खर्चही आजच विचारात घ्यावा.

मोठ्या योजनेची जोखीम

मोठी योजना म्हणजे खात्रीचे उत्पन्न, असेही समजू नये. मोसे खोऱ्यात, वरसगाव जलाशयाच्या काठी उभी राहिलेली लवासा योजना आपल्या परिचयाची आहे. १९९६ च्या गिरिस्थान धोरणातून तिला वाट मिळाली. २००८ मध्ये नियोजनाचे अधिकारही कंपनीकडे गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिला नोटीस दिली. एक वर्षाने अटींसह मंजुरी मिळाली. २०१७ मध्ये नियोजनाचे विशेष अधिकार काढून घेण्यात आले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी घरासाठी पैसे भरले ते खोळंबले आणि ज्या डोंगरउतारांवर खोदकाम झाले ते उतार पूर्ववत झाले नाहीत. बाजारातील तेजी ओसरली की योजना अर्धवट राहते. कापलेला डोंगर मात्र कायमचा कापलेला राहतो. ही विषमता ठरावाच्या वेळी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याउलट संरक्षण म्हणजे उत्पन्नावर पाणी, हाही समज एकांगी आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. तेथील नागरिकांना निर्बंधांचा जाच होतो, घराची डागडुजी करण्यासही वेळ लागतो, हे खरे आहे आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकली गेली पाहिजेत. पण त्या गावांची बाजारपेठ चालते ती दाट वनराई, थंड हवा आणि उघडे कडे यांच्यामुळेच. माथेरानला मोटारींना मज्जाव आहे आणि तेच त्या गावाचे आकर्षण ठरले आहे. तेथे वनश्री हेच भांडवल आहे. ते विकून खाणे कोणत्याही दुकानदारास परवडणार नाही.

ठरावापूर्वीचे पाच प्रश्न

मग आपण काय करावे? घरे नकोत, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. खेड्यातून शहराकडे येणारा मजूर, नव्याने संसार मांडणारा शिक्षक, निवृत्तीनंतर भाड्याच्या घरातून बाहेर पडावे लागणारा कर्मचारी, या सर्वांना घर हवे आहे. प्रश्न घर कोठे, कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हा आहे. म्हणून सभागृहात प्रस्ताव येईल तेव्हा पुढील पाच प्रश्न विचारावेत, अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिला प्रश्न उताराचा. एकास पाच अथवा त्याहून अधिक चढ असलेल्या उतारावर बांधकाम करू नये, हे तत्त्व आपल्या विकास नियंत्रण नियमावलीने मान्य केले आहे. तेव्हा प्रस्तावित जागेचा समपातळी रेषांचा नकाशा सभागृहासमोर ठेवण्यास सांगावे आणि ओढे, नाले, झरे व विहिरी त्यावर दाखविल्या आहेत काय, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडून पाहावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नव्या वस्तीचे पाणी कोणत्या उद्भवातून येणार आणि ते कोणाच्या वाट्यातून कमी होणार? उन्हाळ्यात ज्या नगराला आजच टँकर लागतो, त्याने या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळाल्यावाचून पुढे जाऊ नये.

तिसरा प्रश्न वर सांगितलेल्या तक्त्याचा. एकदाच मिळणारी रक्कम वगळून पंधरा-वीस वर्षांची जमा आणि खर्च मांडला आहे काय?

चौथा प्रश्न घरे कोणाला मिळणार, याचा. डोंगरउतारावरील घर बांधण्यास महाग पडते. ते सामान्य माणसाच्या आवाक्यात क्वचितच येते. अल्प उत्पन्न गटासाठी सपाट, रस्त्यालगतची आणि कामाच्या ठिकाणाजवळची जागा उपलब्ध आहे काय, हे आधी पाहावे. गरिबांच्या घरांचे नाव पुढे करून श्रीमंतांसाठी टेकडी मोकळी होत असेल, तर ते स्पष्टपणे बोलून दाखविणे हे सदस्याचे कर्तव्य आहे.

पाचवा प्रश्न जमीनमालकाचा. टेकडी राखावयाची असेल तर तिचा लाभ साऱ्या नगराला होणार आहे. मग तिची किंमत एकट्या सातबाराधारकाने का मोजावी? रोख मोबदला, विकास हक्क अथवा पर्यायी जमीन, जे काही देणे शक्य असेल ते मुदतीसह ठरावात लिहावे. पुण्याच्या उदाहरणातून आपण हे शिकलो नाही, तर आरक्षणाची रेषा नकाशावर राहील आणि टेकडी हातची जाईल.

लोकांचा सहभाग

विकास आराखड्यात बदल करावयाचा झाल्यास जाहीर सूचना देऊन नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून अधिक बांधकामास २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. या तरतुदी चांगल्या आहेत. परंतु राजपत्रातील सूचना वाचणारे नागरिक किती? माहिती खात्यात काम करताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. लोक विरोध करतात तो पुष्कळदा अज्ञानापोटी नव्हे, तर त्यांना वेळेवर आणि समजेल अशा भाषेत सांगितले न गेल्यामुळे. नकाशा चावडीवर, ग्रंथालयात आणि शाळेत लावावा. त्यावर आपले घर, आपली विहीर आणि आपला ओढा कोठे आहे, हे माणसाला बोट ठेवून पाहता आले पाहिजे. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने २०११ च्या अहवालात असे निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता. त्या अहवालातील शिफारशींबद्दल मतभेद झाले. पण लोकांना विचारून निर्णय घ्यावा, या तत्त्वाला विरोध करणे कठीण आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपल्या गावच्या टेकडीवर पहिल्या पावसानंतर मुलांना घेऊन जावे. पाणी कोठून वाहते, कोठे थांबते, कोणत्या विहिरीला आधी पाझर फुटतो, याची नोंद त्यांच्याकडून दरवर्षी करवून घ्यावी. पाच वर्षांच्या अशा नोंदी एखाद्या वहीत जमल्या, तर नगराच्या सभागृहात त्या कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाशेजारी ठेवता येतील.

मित्रहो, सभागृहाची मुदत पाच वर्षांची असते. सदनिकेचे कर्ज वीस वर्षांचे असते. टेकडीचे आयुष्य त्याहून कितीतरी दीर्घ आहे. पाच वर्षांसाठी निवडून आलेल्यांनी या तिन्ही मुदतींचा विचार करून ठराव करावा, एवढीच अपेक्षा. कदाचित हिशेबाअंती काही नगरे पायथ्याच्या सपाट जागेवर वसाहतीला संमती देतील आणि उतार राखतील. काही पूर्ण नकार देतील. काही प्रस्ताव लहान करून स्वीकारतील. यांतील कोणताही निर्णय, तो उघडपणे, आकड्यांसह आणि ज्यांचे नुकसान होणार आहे त्यांना भरपाई देऊन घेतला गेला, तर तो लोकशाहीस शोभणारा ठरेल.